मातीची आई

"मानवजातीचं भवितव्य या इवल्याशा हातांत आहे!" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि भवितव्याने लगेच त्यांच्या पांढऱ्या पर्सला हात पुसले.

मोठ्या बाई म्हणजे बालवर्गाच्या मुख्याध्यापिका आणि भिंतीवरच्या यच्चयावत सुविचारांच्या कर्त्या. त्यांच्याकडे मूल पाणी ओतून, मणी ओवून, माती मळून शिके. भावनाही हातांनीच शिके. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक सतरंजी होती. कुणी रडलं की त्याला तिथे बसवायचं, बाकीच्यांनी त्याच्या भावनेचं नाव सांगायचं, हात हातात घ्यायचा आणि मळायला मातीचा गोळा द्यायचा. सतरंजीवर मोठ्या बाईंचा इतका जीव, की सकाळभर कुणी रडलं नाही तर त्यांना करमत नसे.

आज ही सतरंजी बघायला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. ती बघून, हाताखालच्या धाकट्या बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा, तेही ते ठरवणार होते. धाकट्या बाई गेल्या वर्षापासून तात्पुरत्या होत्या. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "काय गं, अजून तात्पुरतीच? बरं, मग भांडी घासून टाक."

"रडणार कोण?" मोठ्या बाईंनी सकाळीच विचारलं.

"टाकी आहे ना," धाकट्या बाई म्हणाल्या आणि जीभ चावली.

टाकी म्हणजे चार वर्षांची एक गोल मुलगी. आई दारात सोडून वळली रे वळली की ही भरून वाहायला लागायची, म्हणून टाकी. पण हल्ली ती वाहत नव्हती, आणि हा पराक्रम धाकट्या बाईंचाच. त्यांनी टाकीला मांडीवर घेऊन मातीची आई करायला शिकवलं होतं. आई घागरीसारखी झाली, एक हात पडला, खांद्यावर पिशवी मात्र हुबेहूब. ती खिडकीत ठेवली, वाळू नये म्हणून रोज तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. "ही बघ, सुटेपर्यंत इथे उभी राहील." तेव्हापासून टाकी मधूनच खिडकीकडे बघायची, आई जागेवर आहे ना एवढी खात्री करायची आणि पुन्हा मणी ओवायला लागायची. आपल्या हातून आयुष्यात एवढं चांगलं काही झालं नाही, असं धाकट्या बाईंना वाटे. मोठ्या बाईंना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सतरंजीचं गिऱ्हाईक तोडल्याचं कोण कबूल करील?

अध्यक्ष आले. मुलांच्या खुर्चीत बसले, गुडघे कानांशी घेऊन. आणि मुलांनी दावा साधला. एरवी चावणारं पोर चावेना, ढकलणारं ढकलेना. एकाने तर स्वतःची गाडी दुसऱ्याला दिली! मोठ्या बाईंच्या भुवया वर वर सरकायला लागल्या. अध्यक्षांनी जांभई दाबली.

"हं, सतरंजी सतरंजी म्हणत होतात ती कुठेय?"

"आत्ता, साहेब," मोठ्या बाई गोड हसल्या आणि त्याच हसऱ्या तोंडाने धाकट्या बाईंच्या कानात म्हणाल्या, "टाकी फोडा, नाहीतर घरी बसा."

धाकट्या बाई खिडकीपाशी गेल्या. त्यांनी मातीची आई उचलली, टाकीसमोर आणून ठेवली, आणि तिच्या डोक्यावर अंगठा टेकवून दाबला. सावकाश. डोकं पोटात गेलं, पिशवी पसरली.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "चुकून झालं."

सगळा वर्ग टाकीकडे बघायला लागला. अध्यक्ष पुढे वाकले. टाकीने सपाट झालेल्या आईकडे बघितलं, बाईंच्या अंगठ्याकडे बघितलं, मग त्यांच्या चष्म्याकडे. ओठ थरथरला, आणि थांबला. मग तिने तो गोळा ओढून घेतला, मळला आणि नवी बाहुली करायला लागली. मातीच्या बारीक काडीचा चष्मा केला, तो नाकावर बसवला.

"ही कोण?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

"बाई."

टाकीने बाईंना बाईंसमोर उभं केलं. चष्म्यावर अंगठा टेकवला, दाबला. सावकाश.

"चुकून," ती म्हणाली.

धाकट्या बाईंना हुंदका फुटला. आवरायला गेल्या तसा वाढला. त्या मटकन सतरंजीवर बसल्या आणि पोरांमध्ये एकच झुंबड उडाली.

"मी हात धरणार!"

"तू काल धरलास! सरक!"

"बाईंना राग आलाय."

"राग नाही रे ढब्ब्या, दुःख आहे. नाक बघ ना कसं वाहतंय."

"दोन्ही आहे," चावरा ठामपणे म्हणाला आणि बाईंच्या डोक्यावर थोपटायला लागला. टाकीने चपटा गोळा आणून त्यांच्या हातात दिला. "मळा," ती म्हणाली. "जोरात मळा."

अध्यक्ष टाळ्या वाजवत उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"वा! काय अभिनय! आणि काय ही पोरं! नाव सांगतात, हात धरतात, माती देतात. सगळं आपापलं करतात हो!"

"हातांनी शिकलेली आहेत, साहेब," मोठ्या बाई फुलून म्हणाल्या.

"मग," मागून खुर्ची सोडवत अध्यक्ष म्हणाले, "या वर्गाला दुसऱ्या बाई लागतात कशाला?"

मोठ्या बाईंनी सतरंजीकडे बघितलं. त्यांना पेच पडला असेल असं कुणाला वाटेल. पण कौतुक नाकारायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"छे, नाहीच लागत," त्या म्हणाल्या. "ही तर आपल्या पद्धतीची कमाल आहे."

पाहुण्यांना चहाला घेऊन त्या बाहेर गेल्या. मुलं कंटाळून मण्यांकडे वळली. धाकट्या बाई गोळा मळत राहिल्या. त्यांनी त्याला खांदे काढून बघितले, पिशवी लावून बघितली. आई काही जमेना.

टाकी तेवढी समोर उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं रडून झालं असलं तर माझी नाडी सोडता का? शू आलीय."