देठासकट

वर्षाचे तीनशे एकसष्ट दिवस नर्मदा वालावलीत राहायची आणि उरलेले चार दिवस देवबागेत. त्या चार दिवसांची तयारी दिवाळी सरली की सुरू व्हायची. तयारी म्हणजे काय, तर दोन लुगडी, एक घोंगडी आणि मावशीसाठी नव्या भाताचे पोहे. पण ते गाठोडं बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं, हे पंधरा दिवस चालायचं. मोठी जाऊ यशोदा म्हणायची, एवढ्यात माणूस काशीला जाऊन परत आलं असतं. नर्मदा हसायची आणि गाठ आणखी आवळायची.

तो काळ होड्यांचा होता. मार्गशीर्षात भात घरात आलं, कणगी भरली, की कर्लीच्या खाडीतून लवूच्या होडीने देवबागेला जायचं. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की पाणीच होडीला समुद्राकडे ओढून न्यायचं. लवू नुसता वल्हं धरून बसायचा आणि देवबागेपर्यंत दमलो दमलो म्हणत राहायचा. दोन्ही काठांनी माड सरकत जायचे, मधेच एखाद्या घरातून सुक्या बांगड्याचा वास यायचा, आणि नर्मदा पाण्यात बोटं सोडून बसायची. म्हातारपणी तिला कुणी विचारलं की आयुष्यात सुख कधी लागलं, तर ती आधी त्या होडीचंच नाव घ्यायची.

एरवीचे दिवस वाईट होते असं नाही. पंधराव्या वर्षी ती या घरात आली. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षाला एक महिना घरी. असे दोन महिने तिच्या वाट्याला आले आणि तिसऱ्या वर्षी तो तापाने मुंबईतच गेला. तेव्हापासून ती दिराच्या घरात होती. दीर दाजी थोरले, घरात शब्द त्यांचाच. पण त्यांनी कधी तिच्या पानात वाढताना कुणाला हात आखडू दिला नाही, की घरातून जा म्हटलं नाही. कामाला वाघीण होती, त्यामुळे म्हणण्याचा प्रश्नही नव्हता.

घराची फुलं हे तिचं काम. परसात अबोली, शेवंती, तगर, जास्वंद, अनंत, काय नव्हतं? उजाडायच्या आत ती परडी भरायची. पहिला वाटा लक्ष्मीनारायणाच्या देवळात, दुसरा घरच्या देवांना, आणि राहिलेल्या फुलांच्या वेण्या करायच्या यशोदेसाठी आणि तिच्या लेकींसाठी. नर्मदेच्या हातची वेणी अशी की चार घरच्या बायका वळून बघायच्या. तिच्या स्वतःच्या केसांत फूल जायचा प्रश्न अठराव्या वर्षीच मिटला होता. तिला त्याचं काही वाटतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि तिनेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

देवबागेत मथुरा मावशी होती, आणि मावशीच्या कुंपणापलीकडे इझाबेल.

इझाबेलचा नवरा आगबोटीवर खानसामा होता. तो बोटीवरच वारला, आणि तिच्याकडे राहिला एक काळा झगा आणि त्याने देशोदेशीहून आणलेली भांडीकुंडी. झाकण हरवलेलं सुपाचं भांडं, चौकोनी हिरव्या बाटल्या, राणीचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा, टवके उडालेला तामचिनी मग. देवबागेची जमीन म्हणजे नुसती रेती, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. या बाईने पलीकडच्या तीरावरून होडीतून लाल माती आणवून त्या रेतीत बाग उभी केली होती. त्या बागेतली फुलं कापून ती या भांड्यांत ठेवायची. खिडकीत, टेबलावर, मोरीच्या कट्ट्यावरसुद्धा.

नर्मदेने हे पहिल्यांदा पाहिलं ते बावन्न साली. मावशीने वाटीभर खोबरं द्यायला पाठवलं होतं. दारातच तिची नजर बिस्किटांच्या डब्यावर गेली. डब्यात पिवळी शेवंती, मधे लाल कर्दळ आणि कडेने विहिरीतले नेचे. आसपास देव नाही, क्रूस नाही, कुणाचा फोटो नाही. तिने विचारलं, "ह्यां कोणासाठी?"

"माझ्यासाठी," इझाबेल म्हणाली. "चाय पितंय तेव्हा माका बघूक."

नर्मदेला हे इतकं नवल वाटलं की ती खोबरं द्यायचंच विसरली. काळा झगा घातलेली विधवा बाई, तिने स्वतःला बघायला फुलं ठेवायची, आणि आभाळ कोसळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती मदत करायला म्हणून गेली आणि सवयीने फुलांची नुसती तोंडं खुडून ओंजळभर घेऊन आली. इझाबेलने कपाळाला हात लावला.

"गो बाय, मुंडकी कित्याक तोडतंस? देठासकट काप. ताका पाणी पिऊक नको?"

झालं, तिथून शाळा सुरू झाली. देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, सगळी फुलं एका उंचीची करायची नाहीत. डब्यात दाटीने चालतं, बाटलीत एकच जास्वंद पुरे. नर्मदेचे हात इतकी वर्षं फुलांना दोऱ्यात आवळत आले होते. त्यांना मोकळं सोडायला शिकायला दोन मार्गशीर्ष गेले. मग मात्र इझाबेलच म्हणायला लागली की हिचा हात माझ्यापेक्षा बरा. काम झालं की दोघी कपबशीतून चहा प्यायच्या आणि केलेल्या कामाकडे बघत बसायच्या. मावशीला हे सगळं माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच की तिथे चहा प्यालीस ते वालावलीत सांगू नको.

संध्याकाळी समुद्रावर, सकाळी खाडीवर, मधे फुलं. चार दिवसांत दुसरं काहीच व्हायचं नाही, आणि त्या काहीच न होण्यावर तिचं पुढचं वर्ष निघायचं.

अठ्ठावन्न साली निघताना इझाबेलने तिला चिनी मातीची एक निळी किटली दिली. चोच अर्धी तुटलेली, चहाला निकामी. नर्मदेने ती लुगड्यात गुंडाळून भरतीच्या होडीतून मांडीवर घेऊन आणली. लवूने विचारलं, आत काय अंडी आहेत का.

दुसऱ्या दिवशी परडीची कामं उरकल्यावर तिने अबोली, दोन शेवंत्या आणि चार नेचे देठासकट कापले, किटलीत लावले आणि ती माजघराच्या खिडकीत ठेवली. तिथे उजेड चांगला यायचा. निवडण-टिपण करायला ती बसायची तीही तिथेच. त्या खिडकीशेजारी, हातभर अंतरावर, नवऱ्याचा फोटो लटकलेला होता. चौदा वर्षं तो तिथेच होता, म्हणून तिला तो दिसेनासा झाला होता. खरं सांगायचं तर नवऱ्याचा चेहरा तिला त्या फोटोतूनच ठाऊक होता.

दाजी अंघोळ करून आले. त्यांनी किटली पाहिली, फोटो पाहिला, आणि उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "बरां केलंस गो," ते म्हणाले. "माझ्या भावाक कोण तरी विसारला नाय."

नर्मदेला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन वाढवलेला माणूस समोर डोळे पुसत होता, त्याला काय सांगणार? ती गप्प बसली, आणि तिथेच सगळं फसलं.

दाजींनी फोटोखाली तिवई मांडली आणि किटली खिडकीतून तिवईवर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी किटलीच्या तुटक्या चोचीत उदबत्ती खोचली; ती तिथे अगदी फिट्ट बसली. राख फुलांवर पडायला लागली. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि आपापल्या सुनांना सांगून गेल्या की शिका काहीतरी. रोज सकाळी फुलं बदलून झाली की दाजी तिला म्हणायचे, हात जोड. ती जोडायची. तिच्या आयुष्यात तिची म्हणून एक गोष्ट या घरात आली होती, आणि आठ दिवसांत तिची पूजा होऊन बसली.

नवव्या दिवशी तिने उदबत्ती काढली, किटली धुतली आणि परत खिडकीत नेऊन ठेवली. दाजींनी ती तिवईवर आणली. दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी पुन्हा तेच. दोघंही एकमेकांशी अवाक्षर न काढता किटली इकडची तिकडे करत होते आणि यशोदा तांदूळ निवडता निवडता एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

बाराव्या दिवशी दाजींनी किटलीला हात घातला तेव्हा नर्मदेने दुसऱ्या बाजूने ती धरली.

"दाजीनू, ही फुलां त्यांची न्हय. त्यांका हार मी रोज करीन. पण ही माझी आसत. माका बघूक ठेवलंय."

दाजींनी किटली सोडली. त्यांना राग आला असता तर परवडलं असतं, पण त्यांचा चेहरा एकदम पडला, आणि ते नर्मदेच्या जिवाला लागलं. थोड्या वेळाने ते उंबऱ्यातून म्हणाले, "देवबागेक जावन ह्यां शिकलंस? मगे फुडल्या वर्सापासून जावक नको."

आणि ते देवळात निघून गेले.

ते वर्ष नर्मदेने कसं काढलं ते तिचं तिला माहीत. शब्द दिल्याप्रमाणे तिने रोज फोटोला हार केला, आणि चांगला केला, त्यात कसूर नाही. किटली खिडकीतच राहिली आणि तिला कुणी हात लावला नाही. पण तिच्यात फुलं लावताना तिचं लक्ष उडायला लागलं. सुकतीच्या वेळी खाडीच्या बाजूने लवूची हाक ऐकू यायची, आणि ती आत जाऊन काहीतरी घासत बसायची. इझाबेलला निरोप तरी काय धाडणार? फुलं माझी म्हटलं म्हणून वाट बंद झाली, हे कसं सांगायचं?

दिवाळी झाली. भात आलं, मळणी झाली, कणगी भरली. मार्गशीर्ष लागून आठ दिवस झाले तरी गाठोडं बांधलं गेलं नाही. घरात सगळ्यांना ते दिसत होतं.

एके दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर दाजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. नर्मदा आत भांडी आवरत होती. यशोदा ओटीवर गेली आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली की ती देवबागेला जाणार आहे, चार दिवस, आणि नर्मदेला सोबत नेणार आहे. नर्मदेच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

दाजींचा अडकित्ता थांबला. एकदा नाही म्हटलेलं परत कसं विचारतेस, असं काहीतरी ते म्हणाले. यशोदा म्हणाली की ती विचारत नाही, सांगते आहे. इतक्या वर्षांत त्या बाईने नवऱ्याला असं उत्तर दिलेलं नर्मदेने ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक दाजींनीही.

"तुका थंय काय व्हया?" दाजींनी विचारलं. "सवाशीण बाई तू. रोज डोकां भरान फुलां माळतंस. घरात फुलां कमी आसत?"

यशोदेने हात डोक्यामागे नेला. त्या दिवशीची अबोलीची वेणी तिच्या अंबाड्यावर होती, नर्मदेने सकाळी केलेली.

"माळतंय," ती म्हणाली. "पण डोक्याच्या पाठसून माळलेला माका दिसणा नाय. आणि तुमी बघणास नाय. मगे तीस वर्सां मी माळतंय कोणासाठी?"

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं, पण ती तोवर पाठ फिरवून आत यायला निघाली होती. त्यामुळे त्यांना दिसली ती वेणीच. ते बराच वेळ त्या दाराकडे बघत बसले.

यशोदा आत आली. नर्मदेने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. यशोदा पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि हळूच विचारलं की देवबागेत थंडी असते का, घोंगडी किती लागतील.

दिवेलागणीच्या आधी लवू अंगणात आला. दाजी होडीच्या धक्क्यावर येऊन दोन माणसांची जागा सांगून गेले होते, आणि उद्याची सुकती लवकर आहे म्हणून तो वेळ कळवायला आला होता.