गुड फ्रायडेचं तिखट

आमच्याकडे गुड फ्रायडेला कडक उपास असतो. मटण नाही, कोंबडी नाही, सॉसेज नाही. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा, चालतो. पाण्यातला जीव मांसात धरायचा नाही असं फार पूर्वी कुणीतरी ठरवून ठेवलं, त्याचे आमच्या गावावर अनंत उपकार आहेत. दुपारी आम्ही चर्चमध्ये गुडघे टेकतो, डोळे पुसतो, आणि तिथून थेट कुणाच्या तरी अंगणातल्या हंड्यापाशी जातो. वर्षातला सगळ्यात मोठा उपास आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत करतो.

त्या वर्षी तो हंडा माझ्या ताईच्या अंगणात होता. ओझीतताईच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. लग्न झालं होतं ते ईस्टरनंतरच, पण ईस्टर दरवर्षी जागा बदलतो आणि लग्नाची तारीख बिचारी आहे तिथेच उभी असते. त्यामुळे या वेळी ती नेमकी गुड फ्रायडेवर आली. नाचगाणं बंद, केकवर मेणबत्त्या बंद. राहिला तो हंडा. आणि हंड्यावर माझे भावोजी, ओव्हीद त्राहान.

भावोजींच्या हातात हंडा ढवळायचं ते लांब वल्हं एकदा आलं की माणूस बदलायचा. एरवी घरात मीठ कुठे आहे हे विचारणारा गडी, पण हंड्यापुढे उभा राहिला की बायूच्या, आमच्या त्या संथ ओढ्याच्या, दोन्ही काठांवरची माणसं त्याच्या जिभेकडे बघत. क्रॉफिश उकळले की शेगडी बंद करायची आणि त्यांना त्याच पाण्यात मुरू द्यायचं. मुरता मुरता ते मसाला पितात, जड होतात, तळाशी बसतात. केव्हा काढायचे ते घड्याळ सांगत नाही, जीभ सांगते. भावोजी एक शेपटी सोलायचे, तोंडात टाकायचे, आभाळाकडे बघायचे. सगळं अंगण श्वास धरून असायचं. मग ते म्हणायचे, "थांबा." किंवा म्हणायचे, "काढा." एवढ्या दोन शब्दांवर त्यांची सगळी प्रतिष्ठा उभी होती. ही प्रतिष्ठा आपल्याकडे यावी म्हणून त्यांचा चुलतभाऊ क्लेबेर कित्येक वर्षं हंड्याच्या डाव्या बाजूला उभा होता.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, सुरुवातीला ताई एका सकाळी माझ्या मागल्या दारात आली. हातात रिकामी टोपली. रिकामी टोपली घेऊन ताई आली की समजायचं, टोपली भरून बोलायचं आहे.

"अझेली, काल गम्बोच्या रश्श्यासाठी पीठ तेलात टाकलं होतं. फोन आला म्हणून बाहेर गेले. याला म्हटलं, जरा ढवळ. परत येते तर घर धुरानं भरलंय. पीठ कोळसा झालंय. आणि हा चुलीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतोय."

"झोप लागली असेल."

"झोप? मला म्हणाला, 'छान वास सुटलाय गं.'"

मी हातातला कांदा खाली ठेवला. आमच्या घरांमध्ये करपलेलं पीठ तान्ह्या पोरालाही कळतं. ताईचा चेहरा बघून मला थंडीतला तो ताप आठवला, भावोजींना दोन आठवडे अंथरुणात पाडणारा.

"वास गेला त्याचा," ताई म्हणाली. "आणि चवही. मी परीक्षा घेतली. कॉफीत मीठ घातलं. प्यायला, आणि मिशी पुसली."

"मग या वर्षी वल्हं क्लेबेरकडे देऊ या."

"देऊन बघ! जीव सोडेल, वल्हं सोडणार नाही. त्याला वाटतंय मला माहीत नाही. आणि मला माहीत आहे हे मी त्याला कळू देणार नाही. गावासमोर त्याचं हसं झालं तर अझेली, तो परत अंगणात उतरायचा नाही. खिडकीत बसून म्हातारा होईल."

तिचा बेत साधा होता. चव न कळणारा माणूस मसाला टाकायला बिचकणार, हंडा फिका होणार. म्हणून भावोजींची पाठ वळली की ताई गुपचूप तिखटाची एक पिशवी आत सोडणार. माझं काम, भावोजींना बोलण्यात गुंतवायचं.

दोन दिवसांनी तोच मागला दरवाजा वाजला. या वेळी भावोजी. टोपी हातात, मान खाली.

"अझेली, एक गोष्ट बोलायची आहे. ओझीतला कळता कामा नये."

मी दुसरा कांदा खाली ठेवला.

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, अंगणातल्या पेकान झाडाकडे बघितलं. तोंडात घास म्हणजे नुसता ओला कापूस झालाय म्हणाले. म्हणाले, "बायकोच्या केसांचा वाससुद्धा येत नाही." मग लगेच खाकरले, जणू काही तसं बोललेच नव्हते.

"तू हंड्यासमोर खुर्ची टाकून बस. मी पहिली शेपटी खाईन, दुसरी सहज तुला देईन. मसाला कमी असेल तर रुमाल काढ. मी अजून टाकीन. रुमाल खिशातच राहिला तर समजेन, बरोबर आहे."

"आणि जास्त झाला असेल तर?"

"जास्त?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, पाणी जास्त ओलं असेल तर? "जास्त असं काही नसतं, अझेली."

तर असे दोन नवराबायको, एकाच छताखाली, एकच दुःख दोन उशांखाली लपवून झोपत होते, आणि दोन्ही उशांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. दोघांनाही शब्द दिला होता. माझा शब्द मोडत नाही असं गावात म्हणतात. तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, मोडत असता तर बरं झालं असतं.

तयारी मात्र थाटात चालली. भावोजींनी इतकी आखणी आयुष्यात कधी केली नव्हती. ज्याला आतून खात्री नसते तो बाहेरून फार बंदोबस्त करतो. तलावावरच्या माणसाला क्रॉफिशच्या गोण्यांची आठवण रोज. हंडे दोन, शेगड्या दोन, आणि तिसरी शेगडी शेगडीवर विश्वास नाही म्हणून. टेबलांवर पसरायला जुने पेपर. लसणाच्या माळा, लिंबं, तमालपत्र, कणसं, बटाटे. मांडवाचे खुंट मात्र गुरुवारीच ठोकले, कारण गुड फ्रायडेला जमीन खणली तर मातीतून रक्त येतं. क्लेबेरला हे दरवर्षी शुक्रवारी आठवायचं, म्हणून तो खुंट वरवरच ठोकायचा आणि त्याचा मांडव दरवर्षी पडायचा.

"दादा," क्लेबेर खुंट ठोकता ठोकता म्हणाला, "वल्हं जड वाटतंय का हल्ली? सांग हं. लाजू नकोस."

"तुझी जीभ जड वाटतेय," भावोजी म्हणाले. "जरा खाली ठेव."

शुक्रवारी चर्चमधून परतल्यावर आम्ही बायका गोण्या मोकळ्या करून क्रॉफिश धुवायला बसलो. जिवंत, नांग्या उगारलेले, चिखलानं माखलेले. पाणी ओता, काढा, पुन्हा ओता. ताईनं आईच्या चालीवर सूर धरला. नाचायची बंदी होती, गुणगुणायची नव्हती.

"बायूच्या पाण्याला गं वाहायची नाही घाई,
माझ्या घरधन्याला ऐकायची सवय नाही."

बायका हसल्या. ताई हसली नाही. ती अंगणाच्या पलीकडे बघत होती. भावोजी पहिल्या हंड्यात तिखट टाकत होते. टाकलं, थांबले. वाफेत नाक घातलं, काहीच आलं नसणार. मग अजून टाकलं. पुन्हा वाफेत नाक. पुन्हा अजून. मला तेव्हाच उठायला हवं होतं. ताईचा हिशोब चुकला होता. चव न कळणारा माणूस बिचकत नाही, तो घाबरतो. आणि घाबरलेला माणूस ओतत सुटतो.

पण तेवढ्यात फादर दुगा आले, भावोजी हात पुसत त्यांच्या स्वागताला गेले, आणि माझी ताई एप्रनखाली पिशवी घेऊन हंड्याकडे निघाली.

"ताई, थांब!"

"तू फादरना बघ!" ती दातांमधून म्हणाली, आणि पिशवी उलटी केली.

क्रॉफिश उकळले. शेगडी बंद झाली. अंगण गोळा झालं. मी समोरच्या खुर्चीत, रुमाल खिशात खोल खुपसून. भावोजींनी शेपटी सोलली, तोंडात टाकली, आभाळाकडे बघितलं. क्लेबेर डाव्या बाजूला. मग भावोजी अगदी सहज म्हणाले, "घे अझेली, मेहुणीचा मान."

मी खाल्ली.

आधी काही झालं नाही. मग जिभेच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत कुणीतरी वणवा लावला. श्वास आत जाईना, शब्द बाहेर येईना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. हात वर केला, मान हलवली, पण त्या खुणा ठरल्याच नव्हत्या. जास्त असं काही नसतं ना! आणि माझा हात, माझं न ऐकता, खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

भावोजींनी हळूच मान डोलावली आणि उरलेलं तिखट हंड्यात ओतलं.

"थांबा," ते अंगणाला म्हणाले. मुरू दिलं. आणि मग, "काढा."

टेबलांवर लाल ढीग पडले. माणसं तुटून पडली. आणि हळूहळू अंगण गप्प झालं. आमच्याकडे जेवताना कुणी गप्प बसत नाही. मी पाहिलं, सगळे रडत होते. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे टोपीनं वारा घेत होते. पोरं नळाकडे पळत होती. पण "तिखट झालंय" असं एकही तोंड म्हणेना. आमच्या गावात माणूस कर्ज कबूल करेल, वय कबूल करेल, तिखट लागलं हे कबूल करणार नाही.

"कसं झालंय?" भावोजींनी विचारलं. आवाजात थोडा कंप होता, तो फक्त ताईला आणि मला ऐकू आला.

"दादा," क्लेबेर म्हणाला. त्याचं नाक टोमॅटो झालं होतं. "दादा, असा... असा हंडा... आजवर..." पुढे त्याला बोलवेना.

"ज्या दिवशी प्रभूनं यातना सोसल्या," फादर दुगा डोळे टिपत म्हणाले, "त्या दिवसाला हे शोभून दिसतं." आणि त्यांनी पुढचा क्रॉफिश उचलला. पदाचा मान असतो.

तेवढ्यात भावोजींनी स्वतः एक मोठा क्रॉफिश सोलला, शेपटी खाल्ली, डोकं चोखलं. चावता चावता थबकले. डोळे मोठे झाले. डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, टेबलांमधून वाट काढत ताईपाशी आले, आणि सगळ्यांदेखत तिचा हात मनगटाला धरून त्यांनी छातीशी नेला.

"ओझीत! आलं! लागलं मला! तोंडात लागलं!"

ताईच्या गालांवरून धारा वाहत होत्या. त्या तिखटाच्या होत्या की कशाच्या, ते विचारायची माझी हिंमत नाही.

"काय लागलं?" तिनं विचारलं.

"तिखट!"

"आणि लसूण?"

ते चावत राहिले.

"लिंबू? तमालपत्र? ओव्हीद, क्रॉफिशची गोडी?"

भावोजींनी चावणं थांबवलं. हातातलं लाल साल पेपरवर ठेवलं. तिखट ही चव नसते, तो चटका असतो, चटका कुणालाही लागतो. हे त्यांना हंड्याइतकंच माहीत होतं.

"नाही," ते म्हणाले. "बाकी काही नाही." मग मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"तू कॉफीत मीठ प्यालास."

"तूच घातलंस?"

"आणि मघाशी हंड्यात तिखटही मीच घातलं."

"मी घातलं होतं की!"

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी रुमालात तोंड लपवलं. तेवढा एक रुमाल त्या दिवशी कामाला आला.

मला वाटलं, आता भांडण. चाळीस वर्षांचं भांडण, सगळ्या गावासमोर. पण भावोजी गेले, भिंतीला टेकवलेलं वल्हं घेऊन आले, आणि दुसऱ्या हंड्यापाशी जाऊन उभे राहिले. वल्ह्याचं वरचं टोक त्यांनी धरलं, खालचा भाग तिच्याकडे केला.

"ये," ते म्हणाले. "मी ढवळतो. तू सांग."

"सगळे बघतील, ओव्हीद."

"बघू देत."

आणि ताई त्या हंड्यापुढे उभी राहिली. त्या अंगणात याआधी बाईनं हंड्याची चव सांगितलेली नव्हती. तिनं तिखट मोजून टाकलं, लिंबं हातानं पिळली, वाफ तळहातानं आपल्याकडे ओढली. मुरल्यावर शेपटी सोलली आणि तोंडात टाकली. आभाळाकडे नाही, नवऱ्याकडे बघत चावली. मग मोठ्यानं म्हणाली, "थांबा." आणि काही वेळानं, "काढा."

केवढी मोठी गोष्ट घडली होती! ज्या वल्ह्यासाठी क्लेबेरनं उमेदीची वर्षं घालवली, त्या वल्ह्याची जीभ सगळ्यांसमोर बदलली होती. पण बघायला डोळे कुणाचे होते? अर्धं गाव डोळे चोळत होतं, आणि तिखटाच्या बोटांनी चोळत होतं, त्यामुळे आणखी रडत होतं. उरलेलं अर्धं थंड बिअरच्या पिंपात मनगटापर्यंत बुडालेलं होतं. कुणीही काहीही पाहिलं नाही.

दुसरा ढीग टेबलांवर पडला. मी खाल्ला. देवाशपथ सांगते, इतका नेटका क्रॉफिश मी आजवर खाल्ला नव्हता.

ताई नि भावोजी एका बाकावर शेजारी बसले. ती सोलायची, एक शेपटी त्याच्या तोंडात, एक आपल्या, आणि तो विचारायचा, "आता?"

"आधी लसूण येतो," ती सांगत होती. "गोडसर. मग तिखट, पण मागच्या बाकावर बसल्यासारखं. लिंबू सगळ्यात शेवटी. आणि त्याच्याही मागे थोडा तलावाचा चिखल."

"चिखल चांगला?"

"चांगला. पाऊस पडून गेल्यावरचा."

भावोजी डोळे मिटून चावत होते. त्यांना काय लागत होतं ते त्यांनाच ठाऊक.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून क्लेबेर ओरडला, "दादा! दुसरा हंडा फिका झालाय हं! पहिल्याची सर नाही!"

"खरंय!" चारदोन आवाज आले. "पहिला तो पहिलाच!"

ताईचे कान लाल झाले. ती बाकावरून उठणार, तोच भावोजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. गावात ज्यांच्या जिभेला आज कसलीच चव कळत नव्हती असे ते एकटेच नव्हते, पण आपल्याला कळत नाही हे माहीत असलेले मात्र ते एकटेच होते. ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"क्लेबेर, तुझ्या जिभेला काय कळतंय रे?"