रेलीनच्या गाडीचा कॅम

इंजिनातला कॅम कानाने निवडू नये, हे मी एलिझाबेथ गावात इतकी वर्षं सांगत आलेय की आता सांगायचाही कंटाळा येतो. आमच्याकडे ज्याच्या गाडीत व्ही-एट इंजिन आहे, त्याला ती पळते कशी याच्याशी काही देणंघेणं नसतं. रविवारी सगळे सेमाफोरच्या किनाऱ्यावर गाड्या लावतात, बॉनेट उघडतात आणि इंजिनं नुसती चालू ठेवून उभे राहतात. ज्याचं इंजिन जास्त गचके खातं, धडधडतं, तो त्या दिवसाचा राजा. मग सोमवारी त्यांच्यातलाच एखादा माझ्या गॅरेजात येतो आणि म्हणतो, मार्ज, मलाही तसलंच पाहिजे.

केल पॅस्को तसाच आला. गाडी खरं तर त्याच्या बायकोची, रेलीनची. दोघंही इथल्या गाड्यांच्या कारखान्यात एकाच लाइनवर होती आणि तो बंद पडेपर्यंत तिथेच राबली. ती कमोडोर गाडी रेलीनने घेतली आणि चालवायचीही तीच. केल शेजारी मांडीवर खिम्याच्या पॅस्टीची पिशवी धरून बसायचा. या खेपेला हेड आणि कॅम नवे करायचे ठरले तेव्हा केलचे दोस्त म्हणाले होते, तुमच्या गाडीचा आवाज शिवणयंत्रासारखा येतो. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

मी नेहमीचं पुराण सुरू केलं. इंजिनात हवा किती वेळ जाऊ द्यायची ते कॅम ठरवतो आणि कोणत्या वाटेने जाऊ द्यायची ते हेड. दोघांचं जमलं नाही तर नवराबायकोचं होतं तेच होतं. मोठ्या कॅमने तसला धडधडता आवाज येतो, पण तो कामाचा फक्त भरधाव वेगात. सिग्नलला उभं असताना इंजिन हवा नीट ओढत नाही, आणि ब्रेक हलका राहतो तो त्याच ओढीवर. म्हणजे पेडल दगडासारखं होणार. रेलीनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिने ते दाबायचं कसं?

केल टायरवर बसला. मग म्हणाला, "लहानच घाल. गाडी तिची आहे."

इतक्या वर्षांत कुणीतरी माझं ऐकलं, म्हणून मला बरं वाटलं. हेडच्या वाटा फार न रुंदावता आतून फक्त गुळगुळीत करायच्या आणि कॅम लहान, असं ठरलं. रस्त्यावरच्या गाडीला याहून शहाणी जोडी नाही.

गुरुवारी रेलीन आली, तीही बसने. आल्या आल्या म्हणाली, "केलने लहान सांगितलाय ना? मोठा घाल."

मी पुन्हा गुडघा, ब्रेक, सगळं उगाळलं. तिने ते संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस? माझे डोळे चाललेत, मार्ज."

समोरचं दिसतं, पण कडेचं काळं होत चाललंय, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं होतं. गाडी माझ्याकडे पडून असल्यामुळे अजून घरी कुणाला कळलं नव्हतं. मी म्हटलं, मग केलला सांगून टाक.

"त्याच्या आईने अंथरूण धरलं तेव्हा काय झालं, आठवतं ना? मासेमारी सोडली, दोस्त सोडले, तिच्या उशाशी बसून राहिला. आता माझ्यासाठी म्हणून गाडी विकेल. मग आम्ही दोघं घरात एकमेकांची तोंडं बघत बसू, मला दिसतंय तोवर. सांगेन मी. पण हा उन्हाळा मला समुद्रावर जायचंय."

तिने सगळं आखूनच आणलं होतं. ब्रेक जड झाला की दोष गुडघ्यावर जाणार, गाडी आपोआप केलच्या हातात येणार आणि डोळ्यांचा विषयच निघणार नाही.

"आणि मोठा कॅम कुठून आला, असं त्याने विचारलं तर?"

"तुझी चूक झाली म्हण."

मला राग आला. या गावात माझ्याकडे दुसरं आहे तरी काय? मार्ज चुकीचा कॅम घालत नाही, एवढी एकच काय ती कमाई. तसं तिला तोंडावर सुनावलंही. तिने माझ्या तेलकट हातावर हात ठेवला आणि बस गाठायला निघून गेली. मी बाकावर बसून डब्यातली थंड कॉफी संपवली. मग बंद करून ठेवलेली हेडं पुन्हा टेबलावर घेतली, त्यांच्या वाटा रुंद केल्या आणि मोठा कॅम झेपेल अशा स्प्रिंगा कपाटातून काढल्या.

शनिवारी दोघं आली. बरोबर केलचे दोन दोस्तही होते. केलने चावी फिरवली आणि अख्खी गाडी थरथरायला लागली. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"मार्ज, हा लहान नाही."

"नाही. चूक झाली. दुसऱ्या गाडीचा होता, तुझ्यात गेला."

मग खाली उतरून त्याने मला दोस्तांसमोर झाडलं. वय झालं तुझं, गॅरेज बंद कर, बाईच्या पायाचा तरी विचार करायचास, असं बरंच काही. मी मान खाली घालून ऐकलं. त्याचे दोस्त जमिनीकडे बघत होते. सोमवारी ही बातमी गावभर होणार, हे मला ठाऊक होतं. सगळं पुन्हा उघड, असं तो म्हणेपर्यंत रेलीन ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिने ब्रेक दाबून पाहिला.

"जड आहे रे. मला नाही जमायचा. तू चालव."

"छे! मी हा काढायला लावतो. गाडी तुझी आहे, रेलीन."

"म्हणूनच सांगतेय. राहू दे. मला आवाज आवडलाय."

रेलीन उतरली. केल तिच्या जागी बसला आणि लांब पायांसाठी सीट मागे सरकवली. रेलीन थरथरत्या बॉनेटवर हात टेकत टेकत पलीकडे गेली, हँडल चाचपून शोधलं आणि डाव्या सीटवर बसली. पट्टा घ्यायला तिचा हात ड्रायव्हरच्या सवयीने उजव्या खांद्यामागे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात थोडा वेळ तसाच हवेत चाचपडत राहिला.

केल आरसा नीट करत होता. त्याने पाहिलं नाही.