दोन डोलकाठ्यांमधलं चर्च

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं जेवण वाळूवर मांडलं की आम्ही बोटीवर राहणारे सगळे समुद्राकडे तोंड करून बसतो. बहामा बेटांवर अशी पंगत दरवर्षी होते. बोटीवरच्या ओव्हनमध्ये अख्खी टर्की मावत नाही, म्हणून ती वाटून भाजायची. आमच्या वाट्याला तंगड्या आल्या होत्या.

यंदा ओहायोहून आमची लेक ग्वेन आली होती. माझ्या बायकोनं, लेनोरानं, तिला शब्द दिला होता की आमचं आता झेपत नाही असं तुला वाटलं, तर बोट विकू. ती बोटच आमचं घर. मी शांत दिसायचं ठरवून बसलो होतो.

वारा दक्षिणेकडून वाढला. माझी मान पुन्हा बोटीकडे वळली.

"बाबा, ताटात बघ की जरा," ग्वेन म्हणाली. "ती काय पळून जाणार आहे?"

शेजारच्या बोटीवरचा ओटिस माझ्याकडे पाहत म्हणाला की हा हॅरल्ड झोपेतही नांगर चाचपतो. लोक हसले, मीही हसलो. आमची डोलकाठी आणि ओटिसची डोलकाठी यांच्यातलं अंतर सकाळइतकंच होतं. म्हणजे बोट जागेवर आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि रताळी वाढून घेतली.

मग प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायची पाळी आली. ओटिस उभा राहून वारलेल्या भावाविषयी बोलू लागला. त्याच्या खांद्यावरून मला पलीकडच्या बेटावरचं चर्च दिसलं. सकाळी इथूनच पाहताना ते दोन्ही डोलकाठ्यांच्या मधे होतं. आता दोन्हींच्या डावीकडे होतं.

खूण म्हणून शेजारची बोट धरली, आणि तीही आमच्याबरोबरच सरकत होती. वारा ढकलत होता त्या उत्तरेला खडक होते. की मीच सकाळी नीट पाहिलं नव्हतं? भावाची आठवण काढणाऱ्या माणसाला मधेच तोडायचं, आणि तेही ग्वेनदेखत?

"ओटिस," मी म्हणालो, "आपल्या दोघांचेही नांगर घसरतायत. बहुतेक."

त्यानं वळून पाहिलं आणि तो आपल्या होडीकडे धावत सुटला. मी आमची छोटी होडी ढकलली, तर ग्वेन आधीच आत उडी मारून बसली होती.

बोटीवर चढलो तेव्हा खडक जवळ येत होते. मी इंजिन लावलं, सुकाणू ग्वेनच्या हातात दिलं, नांगर वर घेतला आणि पुढं स्वच्छ वाळूत टाकला. पलीकडे ओटिसनंही आपला नांगर नव्यानं टाकला होता. ग्वेनला पुढं बोलावून नांगराच्या साखळीवर हात ठेवायला सांगितलं. नांगर घसरत असला तर साखळी थरथरते.

तिनं बराच वेळ हात ठेवला. साखळी स्थिर होती.

"तुला मघापासून शंका होती ना?"

"होती."

"आणि माझ्यामुळे गप्प बसलास."

मी खडक किती लांब राहिलेत ते पाहून घेतलं.

"आईनं निकाल माझ्यावर टाकायलाच नको होता," ती म्हणाली. "घर तुमचं आहे." तिनं हात उचलला नाही. "ओटिसला हाक मार, त्याच्या होडीतून आईला इकडेच आणायला सांग. ताटं घेऊन ये म्हणावं. मी इथून हलत नाही."