असोद्याच्या आबांचा झोपपट्टा

मी एक जुना झोपपट्टा आहे. नाव ऐकून हसू आले असेल, तर मित्रांनो, खुशाल हसा. मला घड्याळासारखे मनगटावर बांधतात, पण मला ना काटे, ना आकडे. कोणी 'किती वाजले?' म्हणून माझ्याकडे पाहिले की मी अगदी ओशाळतो. माझे काम वेगळे आहे. माणूस झोपेत किती वळवळला, केव्हा उठला, केव्हा नुसताच पडून राहिला, हे मी मुकाट्याने टिपून ठेवतो. सध्या माझा मुक्काम जळगावच्या एका कचेरीत, काचेच्या कपाटात आहे. माझ्या करड्या पट्टीवर केळीच्या चिकाचा एक काळपट डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही. खरे सांगू का, तो गेला तर मलाच वाईट वाटेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला गदागदा हलवले, पाण्यात बुडवले, भट्टीसारख्या पेटीत तापवले. तेव्हा मला फार राग आला होता. पुढे खानदेशातला वैशाख अंगावर घेतला आणि कळले की ती नुसती रंगीत तालीम होती. मग मी माझ्या भावंडांबरोबर खोक्यात बसून जळगावला आलो. तिथे डॉक्टर चारुलताताईंनी मला खोक्यातून बाहेर काढले. ताई मूळच्या नशिराबादच्या. वर्षानुवर्षे झोप मोडत राहिली आणि मन उदास राहिले, तर उतारवयात मेंदूचे आजार होण्याची जोखीम किती वाढते, आणि ती कमी करता येते का, याचा अभ्यास त्या करत होत्या. या मोठ्या कामात माझा वाटा छोटासा होता, पण मी त्याचा तोरा मात्र भरपूर मिरवत असे.

मी पुष्कळ मनगटे पाहिली. नशिराबादचे एक निवृत्त गुरुजी मला सारखे टिचक्या मारून 'चालतोय का रे?' असे विचारत. जामनेरच्या भिकुबाई मला ताईतच समजल्या होत्या. रोज दिवेलागणीला मला कपाळाला लावत आणि मग निर्धास्त झोपत. ताईंनी त्यांना परोपरीने सांगितले की यात काही मंत्र नाही. भिकुबाई म्हणाल्या, "नसू दे. गुन त आला." 

पण माझ्या आयुष्याची खरी मजा असोद्याला आली.

असोद्याचे कौतिक आबा केळीचे बागायतदार. उंच, सडसडीत, मिशी अजून झुबकेदार. घरातले सर्वांत मोठे पुरुष तेच. ताईंच्या अभ्यासात त्यांनी नाव दिले ते त्यांच्या पत्नी शेवंताबाईंच्या आग्रहामुळे. आबा हल्ली चिडचिड करत, पारावर बसायला जात नसत, आणि जेवताना ताटाकडे नुसते पाहत राहत. ताईंनी मला त्यांच्या मनगटावर बांधले आणि सांगितले, "आबा, आंघोळ सोडून हा काढायचा नाही. रात्री तर मुळीच नाही."

ताईंची गाडी गल्लीतून वळली मात्र, आबांनी मला काढले.

"योगराजची माय, हे तूच घाल हातात," ते शेवंताबाईंना म्हणाले. "तुले झोप चांगली लागते."

"आन तुम्ही?"

"त्यायले झोपच पाह्यजे ना? मंग घरातली चांगली असीन ते द्या. पाहुन्याले आपन कधी खराब केयी देतो का?"

आता सांगा, मित्रांनो, अशा माणसाला काय म्हणावे! केळी असोत की आणखी काही, दारी आलेल्याला घरातले उत्तम ते द्यायचे, हा त्या घराचा शिरस्ता. त्याच हिशेबाने आबांनी घरातली उत्तम झोप देऊन टाकली. शेवंताबाईही हसल्या आणि मी बांगड्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तिथे माझे दिवस मोठे चैनीत गेले. ही बाई पाठ टेकली की झोपायची, ते पहाटे कोंबड्याबरोबर उठायची. बांगड्या किणकिणत, चूल पेटे, आणि मग परातीत भाकऱ्यांची थापाथापी सुरू होई. मीही त्या तालावर हलत असे.

पण आबांनी मला का काढले, याचे खरे कारण ते नव्हते. खरे कारण घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

ठरलेल्या दिवशी मी कचेरीत परत गेलो. माझ्या पोटातली माहिती संगणकाच्या पडद्यावर रेघांनी उमटली. ताईंचे सहकारी ज्ञानेश्वर ते पाहून गंभीर झाले. "ताई, झोप तर झकास आहे. पण पहाटे रोज हात एका लयीत हलतोय. थरथर तर नाही ना ही? कंपवाताची सुरुवात असेल तर?"

ताईंनी रेघा पाहिल्या. मग मला हातात घेऊन उलटे केले. माझ्या बकलाच्या फटीत थोडे पीठ अडकले होते. ताईंनी ते बोटावर घेऊन हुंगले. ज्वारी आणि उडदाचे, कळण्याच्या भाकरीचे पीठ! नशिराबादच्या लेकीला तो वास चुकणार होय? त्या खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली माणसे डोकावली.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या असोद्याला गेल्या. आबा ओट्यावर बसले होते.

"आबा," ताईंनी अगदी साळसूदपणे विचारले, "रोज पहाटे कळण्याच्या भाकरी तुम्ही थापता का?"

आतून शेवंताबाईंच्या हसण्याचा आवाज आला. आबाही हसतील असे मला वाटले होते. पण त्यांचा चेहरा उतरला. खाली मान घालून ते बोलू लागले.

"माह्या मायनं शेवटी मले वयखलं नही, ताई. मले ते तिचा भाऊच समजे. आते मी बी इसरतो. मोटर चालू ठुतो, चष्मा कुठी ठेवला ते याद रायत नही. हे यंत्र तुमाले सारं बठ्ठं सांगन, असं वाटलं मले."

आबांची आई म्हणजे धुरपदाबाई. त्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला होता; पोटच्या मुलालाही त्या ओळखत नसत. आबांनी त्यांची सेवा केली आणि तेव्हापासून ती भीती मनात धरली होती. त्यातच श्रावण जवळ आला होता. श्रावणात या घरी खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात. या घरात ते काम सर्वांत मोठ्या पुरुषाचे. सगळ्यांच्या देखत एकेक नाव घ्यायचे आणि मूठ परातीत टाकायची.

"एखांदं नाव इसरलो, त लोकं म्हनतीन, गेला हा बी मायच्या वाटेनं," आबा म्हणाले. दारात उभ्या असलेल्या शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. इतके दिवस आपण या घरात मजेत डोलत होतो आणि शेजारच्या खाटेवर हा माणूस डोळे उघडे ठेवून पडलेला होता!

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा आबांच्या मनगटावर बांधले आणि नीट तपासणीही करून घेतली. यावेळी मी खरे ते टिपले. शेतीची वीज बरेचदा रात्री येते, म्हणून आबा मोटर सुरू करायला उठत. परत आल्यावर झोप कसली लागते? मग काळजी, कूस बदलणे, चहा. दुपारी मात्र डुलकी लागे ती थेट उन्हे कलेपर्यंत. याच दिवसांत केळीचे घड उतरवताना माझ्यावर चीक उडाला आणि हा डाग पडला.

काही दिवसांनी ताई निकाल सांगायला आल्या. आबांनी मांडीवरचे उपरणे मुठीत घट्ट धरले होते.

"आबा, तपासणीत तो आजार दिसत नाही. तुमचा मेंदू थकलाय. झोप नाही, मन उदास, मग आठवण कशी राहील?"

"आन पुढं?"

"पुढची जोखीम आहे, खोटं नाही सांगणार. पण केळीच्या पानावर करपा रोगाचा ठिपका दिसला, तर तुम्ही बाग सोडून देता का?"

"बाग कशी सोडीन? पान कापतो, फवारनी करतो, ध्यान ठेवतो."

"मग तेच करायचं. झोप सांभाळायची, माणसांत बसायचं, मनातलं बोलायचं, आणि दरवर्षी मला येऊन भेटायचं."

शेजारच्या मळ्यातून आबांचे धाकटे भाऊ हेमराज आले होते. ते हे सारे ऐकत होते. "भाऊ, विहीर दोघायची हाये ना?" ते म्हणाले. "मंग रातचं तुम्हीच काबर उठता? एक आठवडा मी उठीन, एक तुम्ही." इतकी सोपी गोष्ट! पण आबांनी ती कधी कोणाला विचारलीच नव्हती. दुपारची झोप आटोक्यात आली, रात्रीचा चहा बंद झाला, आणि संध्याकाळी आबा पुन्हा पारावर दिसू लागले. पहिल्या दिवशी शेवंताबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलूनच पाठवले होते. पंधरवड्यात अशी वेळ आली की जेवायला बोलावले तरी ते पारावरून उठेनात. माझ्या पोटातल्या रेघा हळूहळू शांत होत गेल्या.

मग रोटाचा दिवस उजाडला. घर सारवून-रंगवून लख्ख केले होते. सगळे भाऊबंद जमले होते. आबा पाटावर बसले, समोर परात, शेजारी गव्हाची टोपली. मी त्यांच्या मनगटावरच होतो, त्यामुळे पहिली मूठ त्यांनी टोपलीतच दोनदा भरून दोनदा सोडली, हे मला कळले. त्यांनी पहिले नाव घेतले, सव्वा मूठ टाकली. दुसरे, तिसरे. हेमराज, योगराज, झुलाल, नथ्थू, नाशिकला असलेले पुतणे, सुरतेला गेलेले चुलतभाऊ, साऱ्यांची नावे येत गेली. आता मूठ एका दमात भरू लागली. शेवटी एकच मूठ उरली.

"हेमराजच्या नातवाची," आबा म्हणाले, आणि थांबले.

हा नातू नुकताच जन्मलेला. आबांच्या कपाळावर घाम आला. मूठ हवेत तशीच राहिली.  शेवंताबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी तर माझ्या पट्टीनिशी गोठून गेलो. इतके सगळे करूनही शेवटी व्हायचे तेच झाले की काय?

तेवढ्यात बाळाची आई भाविका पुढे झाली. ती धुळ्याकडची, बोलणे पक्के अहिराणी.

"आबा, त्यानं नाव अजून ठेवेलच नही शे," ती हळूच म्हणाली.

आणि मग साऱ्यांना आठवले. बाळाचे बारसे व्हायचेच होते! जे नाव ठेवलेलेच नाही, ते कोणाला आठवणार?

आबांनी बाळाकडे पाहिले, मुठीकडे पाहिले. "मंग मी कायले इतका घाम गायून रायलो?" ते म्हणाले आणि हसू लागले. त्यांचे खांदे हलले, मिशी हलली, मुठीतले गहू परातीत सांडले, आणि मीही गदागदा हललो. कारखान्यातसुद्धा मला कोणी इतके हलवले नव्हते. सगळे घर हसत होते. शेवंताबाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

त्या रविवारी कानबाई बसली. जागरणात आबांनी सगळ्यांबरोबर गाणी म्हटली. त्या रात्री ते मुळीच झोपले नाहीत, आणि मी ती नोंद अगदी आनंदाने केली. दुसऱ्या दिवशी कानबाईला निरोप देऊन आल्यावर मात्र त्यांनी जी पाठ टेकली, ती पहाटे भाकऱ्यांच्या थापेनेच उचलली.

कचेरीत ज्ञानेश्वरांनी माझ्या रेघा पाहून विचारले, "ताई, रोटाच्या दिवशी हा हात इतका कसा हलला? पुन्हा भाकरी?"

"नाही," ताई म्हणाल्या. "आबा हसले."

त्यानंतरही मी बरीच वर्षे काम केले. मग चकचकीत पडद्यांचे नवे पट्टे आले. ते वेळही सांगतात, पावलेही मोजतात. ताईंनी मला पुसून काचेच्या कपाटात ठेवले. सुरुवातीला मी थोडा हिरमुसलो. पण माणसे सुखाने झोपू लागली तर त्यांची झोप मोजणारा कोण, याने काय बिघडते?

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजोबा, काकू, आई, रात्र रात्र जागत असतील, गप्प गप्प राहत असतील, तर त्यांना वेडावू नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलते करा, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि तुम्ही स्वतः तो फोन बाजूला ठेवून वेळेवर झोपा बरे! माझ्यासारख्या झोपेतल्या जाणकाराचे एवढे तरी ऐका.

आबा दरवर्षी तपासणीला येतात. चष्मा अजूनही कुठेतरी विसरतात, पण आता त्यावर हसतात. हेमराजांचा तो नातू, किरण, आता त्यांचे बोट धरून येतो. तपासणी झाली की आबा माझ्या कपाटापाशी थांबतात, काचेवर बोट टेकवून किरणला केळीचा डाग दाखवतात, आणि मग माझ्याकडे वाकून विचारतात, "काय रे, वयखलं का मले?"