पोस्टमास्तरांच्या पाइपची दांडी

पोस्टमास्तरांचा पाइप त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, स्वतः घेऊन आल्या. मऊ फडक्यात गुंडाळलेला आणि दोन्ही हातांत जपून धरलेला. चष्म्याच्या दुकानामागच्या त्या खोलीत पाइप जमवणारी सात-आठ मंडळी दर रविवारी सकाळी बसत. त्यांच्यातले पोस्टमास्तर जाऊन महिना झाला होता. त्यांचा डॅनिश पाइप खोलीतल्या काचेच्या कपाटात कायमचा ठेवायचा आणि खाली त्यांच्या नावाची चिठ्ठी लावायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

पाइप होताच तसा देखणा. डेन्मार्कमधल्या कुणा म्हाताऱ्या कारागिराने हाताने घडवलेला. तंबाखू भरायची लाकडी वाटी आणि दातांत धरायची काळी दांडी, दोन्ही त्याच्याच हातची. या मंडळींचा सगळा जीव त्या दांडीत अडकलेला. वाटी कितीही सुंदर असो, दांडी मागाहून बदललेली निघाली की पाइपची पत गेलीच म्हणून समजा. पोस्टमास्तर तर कुणी विचारो न विचारो, छाती ठोकून सांगायचे, "आपली दांडी ओरिजिनल आहे बरं का!"

दातांचे डॉक्टर क्लबात नवे होते आणि नव्याची हौस दांडगी. त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, दांडीच्या टोकातून आत पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"अहो, आत गोल भोक आहे सरळ. हा कारागीर टोकाशी आतून पंख्यासारखं पसरट कोरतो. ही त्याची दांडी नव्हेच."

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी हसत म्हणालं, "म्हणजे पोस्टमास्तरांनी इतकी वर्षं आपल्याला छान बनवलं म्हणायचं!"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीशी बसलेल्या पारखींकडे पाहिलं. पारखी म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन आणि पोस्टमास्तरांचे जिवलग मित्र. दांडी नुसती उजेडात फिरवून ते खरी की खोटी सांगत, म्हणून हे नाव पडलेलं. खोलीत शेवटचा शब्द त्यांचा असे.

"भावजी, तुम्ही सांगा," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

पारखींनी पाइप हातात घेतला, उजेडात धरला, डावीउजवीकडे फिरवला. खरं तर बघायची काही गरज नव्हती. ती दांडी त्यांनीच बदलून आणली होती.

अकरा वर्षांपूर्वी पोस्टमास्तर ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले, तेव्हा पाइप सांभाळायला पारखींकडे देऊन गेले. "ओढलास तरी चालेल, पण गरम असताना दांडी पिळू नकोस," असं वर हसत म्हणालेही. हा तर या नादातला पहिला धडा. पाइप गार झाल्याशिवाय दांडी काढायची नाही, नाहीतर वाटीत बसणारी तिची खुंटी कडकन मोडते. पारखींनी हा धडा किती नवशिक्यांना तोऱ्यात शिकवला होता! पण त्या दिवशी पाइप ओढून झाला आणि कारागिराने खुंटी कशी घडवलीय ते पाहण्याची घाई त्यांना आवरली नाही. एक पीळ दिला आणि खुंटी तुटून वाटीतच राहिली.

त्यांनी लेथवाल्या कातारीकडून दिसायला हुबेहूब दांडी करून घेतली, मोडकी दांडी डबीत टाकून टेबलाच्या खणात दडवली आणि मूग गिळून बसले. पोस्टमास्तर घरी आल्यावर पाइप परत दिला. त्यांना काही कळलं नाही. आठवडे गेले, वर्षं गेली, पारखींची भीती गेली आणि तिच्या जागी भलतंच काहीतरी आलं. पोस्टमास्तर "ओरिजिनल, ओरिजिनल" म्हणू लागले की पारखी मनातल्या मनात हसायचे. दांडी बदलली तरी पत्ता नाही आणि म्हणे शौकीन!

"भावजी?"

"बदललेली आहे," पारखी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यापुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, तेही गिळलं. वहिनींनी पाइप घेतला, फडक्यात गुंडाळला आणि निघून गेल्या. मंडळींनी मग दुसरा विषय काढला. मेलेल्या मित्राच्या माथी लबाडी मारून पारखी त्या विषयात सामील झाले, चार शब्द बोललेसुद्धा.

घरी आल्यावर मात्र त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघवेना. बुधवारी दुपारी खणातली डबी खिशात घालून ते वहिनींकडे गेले. जिना चढताना पाठ केलेली वाक्यं दार उघडताच पळाली. त्यांनी डबी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, दांडी मी मोडली होती."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

पारखींनी मान वर केली.

"तुम्ही पाइप देऊन जिना उतरत होता, तेवढ्यात ह्यांनी तो तोंडात धरला आणि म्हणाले, अगं, ही माझी नव्हे. ह्यांचा सुळा वाकडा होता ना! जुन्या दांडीला त्याची खाच पडलेली. नवीला कुठली खाच असायला?"

खुंटी, जाडी, रंग, चकाकी, सगळं पारखींनी कातारीकडून चारदा तपासून घेतलं होतं. खाच मात्र नव्या दांडीत मुद्दामच उतरवू दिली नव्हती. त्यांच्या लेखी तो डाग होता.

"मी म्हटलं, विचारा की मग," वहिनी पुढे म्हणाल्या. "तर म्हणाले, विचारलं तर तो पुन्हा ह्या घराची पायरी चढायचा नाही. दांडीचं काय, पडेल परत खाच."

"मग सगळ्यांना ओरिजिनल म्हणून का सांगायचे?"

"कुणी शंका काढू नये म्हणून. शंका निघाली की तुमचं नाव निघालं असतं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत. अकरा वर्षं ज्याला आपण मनातून हसलो, तो आपल्यालाच पाठीशी घालत होता! पारखींना तिथून पळून जावंसं वाटलं. वहिनी डबीतली मोडकी दांडी उचलून तिच्या खाचेवरून अंगठा फिरवत होत्या.

"ही मी ठेवून घेऊ?" त्यांनी विचारलं.

नाही कसं म्हणणार? पारखी उठले. "रविवारी सगळ्यांसमोर सांगतो," असं दारातून म्हणाले, पण वहिनींचं लक्ष नव्हतं.

रविवारी त्यांनी सांगितलं. उभं राहून, काही न लपवता, गरम पाइपसकट. सांगून झाल्यावर दातांचे डॉक्टर डोळे पुसत उठले.

"पारखी, पुरे! मित्रासाठी अंगावर घेताय, न कळायला आम्ही दूधखुळे आहोत का? गरम पाइपची दांडी पिळली म्हणे, आणि तीही तुम्ही!"

"मैत्री असावी तर अशी," चष्मेवाला म्हणाला. कुणीतरी पाठ थोपटली. पारखी शपथेवर सांगू लागले तसतसे सगळे जास्तच गहिवरले.

आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर पारखींना ते गोड वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं, नावही शाबूत राहिलं होतं, पुरावा हातात नव्हता. बसून घ्यायचं आणि मान हलवायची, एवढंच बाकी होतं. ते बसलेही. मग पुन्हा उठले.

"चला," ते म्हणाले. "वहिनींकडे. सगळ्यांनी."

वहिनींनी दार उघडलं तेव्हा जिन्यावर आठ माणसं उभी होती. त्यांनी एकदा पारखींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि डबी घेऊन आल्या. डॉक्टरांनी बॅटरी लावून मोडक्या दांडीच्या आत पाहिलं. आत पंखा होता. मग त्यांनी दांडी उलटी करून खाचेवर नख टेकवलं. पोस्टमास्तरांचे दात त्यांनीच पाहिले होते.

"वरचा डावा सुळा," ते हळूच म्हणाले.

कुणी पारखींकडे बघेना. पाठ थोपटणारा माणूस दोन पावलं मागे सरकला होता. डॉक्टरांनी डबीचं झाकण लावून ती वहिनींच्या हातात दिली आणि एकेक जण बूट काढून आत गेला. पारखी एकटेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आत या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही येत राहावं म्हणूनच ते गप्प बसले होते."

पारखी बुटांच्या नाड्या सोडायला वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.