न दाबलेलं बटण

शिरोलीच्या त्या फौंड्रीतली माणसं कानाच्या तपासणीत कॉपी करतात. वर्षातून एकदा आमची व्हॅन तिथल्या फाटकात उभी राहते. एकेकाला आतल्या काचेच्या खोलीत बसवून मी हेडफोन लावते आणि बाहेरून बटण दाबून बारीक-मोठे आवाज सोडते. ऐकू आलं की हात वर करायचा, एवढंच काम. ही माणसं आवाज ऐकायचं सोडून काचेतून माझं कोपर बघतात. कोपर हललं की हात वर. नापास झालं तर खातं सुटतं आणि हातात झाडू येतो, म्हणून जुने लोक नव्यांना हे शिकवून ठेवतात. मला दरवर्षी त्यांचा राग येतो. यंदा सगळ्यात जास्त आला तो माझ्या बापाचा.

आबा, म्हणजे आकाराम, तिथे सत्तावीस वर्षं ट्रकचे ब्रेक ड्रम ठोकून पाहतात. ड्रम साखळीला टांगायचा आणि हातोडीने ठोकायचा. चांगला असला तर घंटेसारखा लांबपर्यंत वाजतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज मध्येच मरतो. आबांनी पास केलेला ड्रम गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्या ट्रकला डोळे झाकून लावावा, असा त्यांचा लौकिक. साधा माठ घ्यायचा तरी गल्लीतल्या बायका त्यांना बरोबर नेत.

यंदा तपासणीत त्यांच्या कानाचा आलेख पंचविशीतल्या पोरासारखा सरळ आला. घरी टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे दार आपटतात, आणि इथे सरळ रेघ? मी कोपर हलवलं, पण बटण दाबलंच नाही. आबांनी हात वर केला. असं सात वेळा केलं. सातही वेळा हात वर. माझं डोकंच फिरलं.

कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते आणि तीत प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. जाड आवाज पार आत ओळखले जातात, बारीक आवाज दाराशीच. सगळा गोंगाट त्या दारावरूनच आत जातो, म्हणून उंबऱ्याजवळची फरशी आधी झिजते तशी बारीक आवाजांची जागा आधी झिजते. ती पुन्हा भरून येत नाही. आबांचं टेबल ड्रम घासणाऱ्या कर्कश ग्राइंडरपासून दोन हातांवर. कंपनी दरवर्षी कानात घालायला बोळे देते. आबांनी ते कधीच घातले नाहीत, कारण बोळे घातले तर ड्रम कसा ऐकायचा? ज्या कानावर कंपनीचं नाव टिकलं तोच कान कंपनीने खाल्ला, आणि आमच्या शहाण्या आबांनी तो आपल्या हाताने ताटात वाढला.

व्हॅनचं दार लावून मी तोंडाला येईल ते बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं.

"तुझं ते डासागत वाजतंय ते न्हाय ऐकू येत," ते म्हणाले. "पर ड्रम ऐकू येतोय की. लिवू नगंस, पोरी."

मी म्हटलं, दाखवा मग.

जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर बंद होते. सुपरवायझर बाळासोने बारा ड्रम टांगले. त्यांतले तीन फुटके, आतून खडूची खूण केलेले. आबांनी पहिले दोन फुटके एका ठोक्यात बाजूला काढले. म्हातारा जिंकतोय असं वाटलं आणि एवढ्या रागातही मला बरं वाटलं. मग दहावा ठोकला. आवाज अर्ध्यात मेला. दहा पावलांवरून मला कळलं. आबांनी पुन्हा ठोकला. मग हातोडी तशीच धरून त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मघाशी कोपराकडे बघत होते तसंच.

मी पाठ फिरवली. पोटच्या पोरीने असं करावं का, ते मला आजही ठरवता येत नाही. मागे तिसरा ठोका पडला, पुन्हा तसाच मेला.

"चांगला हाय," आबा म्हणाले.

बाळासोने ड्रम फिरवून खडूची खूण दाखवली.  आबांनी हातोडी खाली ठेवली आणि टेबलाचा खण ओढला. आत बोळ्यांची पाकिटं होती, सत्तावीस वर्षांची, एकही न फोडलेलं. सगळी त्यांनी बाळासोच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाले की माझ्या जागी जो येईल त्याला दे.

"आन मग त्यो ड्रम ऐकणार कसा?" बाळासोने विचारलं.

त्यात खवचटपणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. तेवढ्यात सुट्टी संपली, ग्राइंडर सुरू झाले आणि आबा सवयीने एक पाऊल टेबलाकडे सरकून थांबले.

रिपोर्टात माझ्या बापाच्या नावापुढे मी नापास लिहिलं. फौंड्रीसाठी त्यात रकानाच नव्हता. मग मी सगळ्या रकान्यांवरून आडवं, कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलं: ग्राइंडर हलवा.